बोलपट आला आणि बोलका चेहरा मागे पडला

आज आपण एका जुन्या फ्रेंच बोलपटाची गोष्ट ऐकणार आहोत. चित्रपट १९३४ सालचा. त्याचं नाव ‘लाँफाँ द्यू कार्नाव्हाल’, म्हणजे ‘कार्निव्हलचं मूल’. भाषा फ्रेंच, पण दिग्दर्शक रशियन आणि नायकही रशियन. दोघंही आपला देश सोडून आलेले, परत जायची वाट बंद झालेले. गंमत अशी, की हीच गोष्ट याच नायकाने तेरा वर्षांपूर्वी, १९२१ मध्ये, एकदा पडद्यावर आणली होती. तेव्हा तो मूकपट होता. म्हणजे एकच गोष्ट, एकच नट, एकदा न बोलता आणि एकदा बोलून. न बोलता केला तेव्हा तो मोठा होत गेला. बोलून केला तेव्हा त्याचे दिवस संपत आले होते. असं का झालं, हे समजून घेताना आपल्याला आपल्या घरातलंही काही सापडेल.

आधी ही माणसं फ्रान्समध्ये आली कशी, ते पाहू. १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली. झारची सत्ता गेली आणि पुढे काही वर्षं देशात यादवी युद्ध चाललं. मॉस्कोत त्या वेळी योसिफ येर्मोलियेव नावाचे एक मोठे चित्रपट निर्माते होते. ते आपली मंडळी घेऊन दक्षिणेला, काळ्या समुद्राकाठच्या याल्टा गावी गेले. तिथेही काही काळ त्यांनी चित्रपट काढले. पण लढाई तिथपर्यंत येऊन पोचली, आणि १९२० च्या सुरुवातीला या मंडळींनी बोट पकडली. आधी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, आणि तिथून फ्रान्सचं मार्सेय बंदर. या प्रवासातही त्यांनी कॅमेरा बंद ठेवला नाही. वाटेतली दृश्यं टिपत त्यांनी एक चित्रपटच उभा केला. दिग्दर्शक होते याकोव्ह प्रोताझानोव्ह, आणि नाव होतं ‘लांग्वासांत आव्हांत्यूर’, म्हणजे ‘धास्तीचा प्रवास’. घर सुटलंय, पुढे काय वाढून ठेवलंय ठाऊक नाही, आणि तरी माणसं रोजचं काम करताहेत. विस्थापित बायकांना हे सांगावं लागत नाही. मुक्काम कुठलाही असो, चूल पेटवावीच लागते.

पॅरिसजवळच्या माँत्रई गावात पाते कंपनीचा एक जुना स्टुडिओ होता. काचेच्या छताचा, कारण तेव्हा बरंचसं चित्रीकरण सूर्याच्या उजेडावर चाले. तो या मंडळींना मिळाला. १९२२ मध्ये येर्मोलियेव जर्मनीला गेले आणि कंपनीची सूत्रं अलेक्सांद्र कामेन्का यांच्याकडे आली. कंपनीला नवं नाव मिळालं, ‘आल्बात्रोस’. हा लांब पंखांचा समुद्रपक्षी, वादळातही उडत राहणारा. कंपनीचं ब्रीदवाक्यही तसंच होतं, वादळातही ताठ उभं राहण्याचं. तिथले नट रशियन, दिग्दर्शक रशियन, नेपथ्य उभारणारे आणि कपडे बेतणारेही बरेचसे रशियन. स्टुडिओच्या आवारात फ्रेंचपेक्षा रशियनच जास्त ऐकू येई.

त्या काळी पॅरिसमध्ये आलेल्या रशियन लोकांचं जगणं सोपं नव्हतं. कालपर्यंतचे लष्करी अधिकारी टॅक्सी चालवत होते, कुणी रेनोच्या मोटार कारखान्यात मजुरी करत होते. अनेकांचं नागरिकत्वच गेलं होतं. अशांसाठी राष्ट्रसंघाने १९२२ पासून ‘नान्सेन पासपोर्ट’ नावाचं ओळखपत्र सुरू केलं होतं. आणि बायका? अनेक घरं बायकांच्या सुईवर चालली. झारची सख्खी चुलत बहीण मारिया पाव्हलोव्हना हिने मशीनवरचं भरतकाम शिकून घेतलं आणि ‘कित्मिर’ नावाची भरतकामाची पेढी काढली. फ्रान्सची प्रसिद्ध ड्रेस डिझायनर कोको शानेल हिच्या कपड्यांवर तिथल्या बायकांनी केलेलं भरतकाम असे. कालची राजकन्या आज शिवणयंत्रावर बसली होती. हातात कला असली की परक्या मुलखात भाकरी मिळते, हे त्या बायकांनी दाखवून दिलं. ही हाताची गोष्ट जरा लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

आता प्रश्न असा, की ज्यांना फ्रेंच धड बोलता येत नव्हतं, ते फ्रान्समध्ये चित्रपटातले नायक-नायिका झाले कसे? उत्तर सोपं आहे. चित्रपट मुका होता. नट काय बोलतोय हे कुणाला ऐकूच येत नसे. मधूनमधून पडद्यावर मजकुराची पाटी येई, दोन-चार ओळींची. चित्रपट दुसऱ्या देशात पाठवायचा असला, तर तेवढ्या पाट्या बदलल्या की काम झालं. आपल्याकडच्या मूकपटांतही या पाट्यांवर एकाहून जास्त भाषांत मजकूर असायचा. चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक बाजूला उभा राहून मोठ्याने सूचना देई, तेही चाले. नटाने रशियनमध्ये ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हटलं काय आणि आकडे मोजले काय, पडद्यावर दिसायचे ते डोळे. आणि डोळ्यांना व्याकरण नसतं.

डोळ्यांचा असा बादशहा म्हणजे आपला नायक, इव्हान मोजूखिन. जन्म १८८९ चा, रशियातल्या पेन्झा भागातला. वकिली शिकायला मॉस्कोला गेला आणि शिक्षण अर्धवट टाकून फिरत्या नाटक कंपनीत शिरला. क्रांतीच्या आधीच तो रशियातला अव्वल चित्रपट नट झाला होता. पुश्किन, तॉलस्तॉय यांच्या कथांवरच्या चित्रपटांत त्याने कामं केली. त्याच्या बरोबरीने पडद्यावर असायची नताल्या लिसेन्को. ती त्याची बायकोही होती आणि अनेक चित्रपटांत नायिकाही. दोघं त्याच बोटीच्या वाटेने फ्रान्सला आली.

मोजूखिनच्या चेहऱ्याची एक गोष्ट चित्रपट शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात सांगतात. तो पॅरिसला निघून आला, पण त्याच्या जुन्या चित्रपटांच्या फिती मॉस्कोत राहिल्या होत्या. तिथल्या लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या तरुण दिग्दर्शकाने त्यातला त्याच्या चेहऱ्याचा एक तुकडा घेतला. चेहरा शांत, त्यावर कुठलाच ठळक भाव नाही. तो तुकडा त्याने एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी, एकदा एका स्त्रीच्या चित्राशेजारी. प्रेक्षकांना वाटलं, किती छान अभिनय! सुपाकडे बघताना भूक, शवपेटीकडे बघताना दुःख, बाईकडे बघताना ओढ. खरं तर चेहरा तिन्ही वेळा तोच होता. भाव प्रेक्षक आपल्या मनातून भरत होते. यावरून चित्रपटाच्या जोडणीची ताकद कळते, हे तर खरंच. पण मला यात आणखी एक दिसतं. तो माणूस देशाबाहेर गेला होता, परत येणार नव्हता, आणि त्याचा चेहरा मात्र तिथेच राहून काम करत होता. चेहऱ्याला पासपोर्ट लागत नाही.

आता आपल्या चित्रपटाकडे वळू. १९२१ चा मूक ‘कार्निव्हलचं मूल’ मोजूखिनने स्वतः दिग्दर्शित केला. गोव्यात कार्निव्हल असतो ना, तसाच दक्षिण फ्रान्समधल्या नीस शहरात मोठा कार्निव्हल भरतो. मुखवटे, मिरवणुका, फुलांची उधळण. तिथल्या एका गर्भश्रीमंत, मौजमजेत बुडालेल्या माणसाच्या दारात अशाच दिवसांत एक तान्हं मूल सापडतं. हलाखीत सापडलेल्या आईने ते तिथे ठेवलेलं असतं. तो माणूस मुलाला घरात घेतो. मग मुलाला सांभाळायला एक बाई येते, ती म्हणजे त्याची खरी आईच. घरातली कुणी ओळखत नाही. ती आपल्याच लेकराला दाई म्हणून खेळवते. हळूहळू त्या रिकाम्या माणसाचं मन बाळात आणि त्या बाईत गुंतत जातं. ही आईची भूमिका नताल्या लिसेन्कोने केली. विचार करा, आपल्याच मुलाला ‘माझं’ म्हणता न येणारी आई. ती बोलूच शकत नाही, हाच तर त्या भूमिकेचा प्राण. मूकपटाला याहून चांगली गोष्ट कुठली?

पुढची काही वर्षं मोजूखिनसाठी भरतीची होती. १९२३ मध्ये त्याने स्वतः दिग्दर्शित केलेला ‘ल ब्राझिए आर्दां’ आला. १९२४ मध्ये अलेक्सांद्र व्होल्कोव्ह यांचा ‘कीन’ आला, एका इंग्रज रंगभूमी नटाच्या आयुष्यावरचा. हे व्होल्कोव्ह लक्षात ठेवा, आपल्या १९३४ च्या बोलपटाचे दिग्दर्शक तेच. मग आला मार्सेल लेर्बिए या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘फ मातियास पास्काल’. त्यात सगळ्यांना मेला असं वाटलेला माणूस नवं नाव घेऊन जगू पाहतो. त्यानंतर ‘मिशेल स्त्रोगॉफ’ आणि ‘कासानोवा’. हे सगळे खर्चिक, देशोदेशी चाललेले चित्रपट. मोजूखिन इंग्रज झाला, इटालियन झाला, झारचा दूत झाला. कुणी विचारलं नाही, तू नेमका कुठला? १९२७ मध्ये तो हॉलिवूडलाही जाऊन आला. तिथे एकच चित्रपट केला, तो फारसा जमला नाही, आणि तो युरोपात परतला.

त्याच वर्षी, १९२७ मध्ये, अमेरिकेत ‘द जॅझ सिंगर’ आला आणि पडदा बोलू लागला. दोन-तीन वर्षांत ही लाट फ्रान्सला पोचली. आज आपल्याला वाटतं, आवाज जोडला म्हणजे चित्रपटात काहीतरी भर पडली. पण सुरुवातीला बरंच काही गेलंही. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये येई, म्हणून कॅमेरा बंद खोलीसारख्या खोक्यात कोंडावा लागे. मायक्रोफोन फुलदाणीत किंवा पडद्याआड लपवत. नटाला त्याच्या आसपासच घुटमळावं लागे. आधी जो नट साऱ्या सेटवर वाऱ्यासारखा फिरे, तो आता फुलदाणीशी बोलू लागला.

आणि सगळ्यात मोठी अडचण भाषेची. पाट्या बदलून आता भागेना. एका भाषेतला आवाज काढून त्या जागी दुसरा आवाज बसवण्याचं तंत्र तेव्हा बाल्यावस्थेत होतं. मग निर्मात्यांनी एक खटाटोपाचा मार्ग काढला. एकच चित्रपट, तोच सेट, तीच गोष्ट, पण दोन-तीन भाषांत पुन्हा पुन्हा चित्रित करायचा. पॅरिसजवळच्या ज्वांव्हील गावात अमेरिकेच्या पॅरामाउंट कंपनीने १९३० पासून असा कारखानाच उघडला होता. एका भाषेचे नट काम संपवून गेले की दुसऱ्या भाषेचे त्याच खुर्च्यांवर येऊन बसत. आपल्यालाही ही पद्धत नवी नाही. कोल्हापूरला प्रभात कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ काढला, तो मराठीत आणि हिंदीत असा वेगवेगळा. दुर्गा खोटे यांनी तारामती दोन्ही भाषांत रंगवली. ज्याला दोन भाषा येतात, तो अशा वेळी तरतो. ज्याला मोडकी-तोडकी येते, त्याची पंचाईत होते.

मोजूखिनची तीच पंचाईत झाली. त्याचं फ्रेंच जड रशियन वळणाचं होतं. १९३० मध्ये जर्मनीत केलेला ‘गोरा सैतान’ त्याला निभावून गेला, कारण तो मुळात मूक होता आणि गाणी-संगीत त्याला नंतर जोडलं होतं. मग खरे बोलपट सुरू झाले. १९३२ मध्ये ‘सार्जंट एक्स’ आला. दिग्दर्शक होते व्लादिमीर स्त्रिझेव्हस्की, तेही रशियन निर्वासित. गोष्ट फ्रान्सच्या फॉरेन लीजनची, म्हणजे देशोदेशीचे परके शिपाई भरती करणाऱ्या पलटणीची. १९३३ मध्ये व्होल्कोव्ह यांचा ‘एक हजार दोनावी रात्र’ आला, अरबी सुरस कथांच्या थाटाचा. मला हे दोन चित्रपट एका ओळीत ठेवून बघावेसे वाटतात. परक्यांच्या पलटणीत एखाद्याचा उच्चार वेगळा असला तर कानाला खटकत नाही. अरबी राजपुत्र कसा बोलायचा हे तर कुणालाच माहीत नाही. म्हणजे उच्चार लपायला दोन्हीकडे आडोसा होता.

१९३४ च्या ‘कार्निव्हलचं मूल’मध्ये हा आडोसा नव्हता. इथे राजवाडा नाही, वाळवंट नाही. इथे घर आहे, पाळणा आहे, मूल सांभाळणारी बाई आहे, आणि घरातल्या माणसांचं साधं बोलणं आहे. साधं बोलणं हेच परक्या भाषेत सर्वांत अवघड असतं. भाषण पाठ करता येतं. पण बाळाला झोपवताना, बाईशी अडखळत मन मोकळं करताना जी भाषा लागते, ती आईच्या दुधाबरोबरच येते. तेरा वर्षांपूर्वी मुक्या चेहऱ्यासाठी रचलेली गोष्ट आता त्याच माणसाला बोलून सांगायची होती. त्याची चाळिशी उलटलेली. नताल्या लिसेन्को या वेळी बरोबर नव्हती, आईची भूमिका तान्या फेदोर हिने केली. या चित्रपटाने मोजूखिनला जुनं स्थान परत मिळालं नाही. त्यानंतर १९३६ मध्ये ‘नित्चेव्हो’ या चित्रपटात त्याला एक छोटीशी भूमिका मिळाली. ती त्याची शेवटची. ‘नित्चेव्हो’ हा रशियन शब्द. अर्थ, ‘काही नाही’.

हे केवळ त्याच्याच वाट्याला आलं असं नाही. नताल्या लिसेन्को तर बोलपटांच्या काळात पडद्यावरून दिसेनाशीच झाली. १९६९ मध्ये ती वारली, तेव्हा तिला विसरून लोकांना एक पिढी उलटली होती. दुसरी सांद्रा मिलोव्हानोव्ह, सेंट पीटर्सबर्गची नर्तकी. मूकपटांच्या काळात ती फ्रान्सची लाडकी नायिका होती. १९२५ च्या ‘ले मिझेराब्ल’मध्ये तिने फाँतीन आणि कोझेत, म्हणजे आई आणि मुलगी, अशा दोन्ही भूमिका केल्या. फ्रेंच साहित्यातल्या सर्वांत प्रिय मायलेकी एका रशियन मुलीने साकारल्या आणि कुणाला ते खुपलं नाही. बोलपट आले, आणि तिला मोठ्या भूमिका मिळेनाशा झाल्या.

मग टिकलं कोण? आता ती हाताची गोष्ट आठवा. ज्यांचं काम हातांचं होतं, ते टिकले. आल्बात्रोसमध्ये नेपथ्य करणारे लाझार मेरसोन यांनी रने क्लेर यांच्या १९३० च्या ‘सू ले त्वा द पारी’ या बोलपटासाठी पॅरिसची गल्ली आणि घरांची छपरं स्टुडिओत उभी केली. फ्रेंच लोकांना ती आपल्या पॅरिसहून जास्त पॅरिस वाटली. लाकूड, प्लास्टर आणि रंग यांना उच्चार नसतो. पडद्यामागचे दिग्दर्शकही टिकले. व्हिक्टर तुर्यान्स्की यांनी पुढे फ्रान्स, जर्मनी, इटली अशा तीन देशांत चित्रपट केले. आणि कामेन्कांची आल्बात्रोसही तगली. १९३६ मध्ये तिने गॉर्कीच्या नाटकावरून ‘ले बा-फाँ’ काढला, दिग्दर्शक झां रन्वार. लुई देल्युक पुरस्काराचा पहिला मान त्याच चित्रपटाला मिळाला.

यातला विरोधाभास बघा. १९३० च्या दशकात फ्रेंच प्रेक्षकांना रशियन गोष्टी फार आवडत होत्या. मॉस्कोच्या रात्री, व्होल्गा नदी, काळे डोळे, बर्फातली घोडागाडी. तुर्यान्स्की आणि अलेक्सी ग्रानोव्हस्की यांच्यासारखे रशियन दिग्दर्शकच हे चित्रपट काढत होते. पण त्यात रशियन माणसाची प्रमुख भूमिका करायला आरी बोर यांच्यासारखे फ्रेंच नट असत, अस्खलित फ्रेंच बोलणारे. रशियन गोष्ट हवी होती, रशियन पोशाख हवा होता, रशियन गाणं हवं होतं. नको होता तो फक्त खऱ्या रशियन माणसाचा आवाज.

इथे कुणी म्हणेल, पण त्याचा उच्चारच वाईट होता, तर निर्माते तरी काय करणार? या प्रश्नाचं उत्तर मी तीन बायकांच्या उदाहरणांनी देते.

पहिली ग्रेटा गार्बो. मूळची स्वीडनची, हॉलिवूडची मोठी तारका. बोलपट आले तेव्हा तिच्या कंपनीला हीच भीती होती. मग त्यांनी तिच्यासाठी १९३० मध्ये ‘ॲना ख्रिस्ती’ ही गोष्ट निवडली. त्यातली नायिकाच स्वीडिश घरातली. गार्बोचा जाडसर परका आवाज त्या बाईलाच शोभून दिसला. लोक उलट तिचा आवाज ऐकायला गर्दी करू लागले.

दुसरी ल्युदमिला पितोएफ. ही पॅरिसचीच, पण जन्म तिबिलिसीचा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातला. ती आणि तिचा नवरा जॉर्ज रंगभूमीवर होते. जॉर्जचा रशियन उच्चार सगळ्या पॅरिसला माहीत होता. तरी १९२५ मध्ये ल्युदमिलाने पॅरिसच्या रंगमंचावर शॉच्या नाटकातली जोन ऑफ आर्क केली. फ्रान्सची संत, फ्रान्सचा अभिमान, आणि भूमिका करणारी परदेशातून आलेली बाई. पॅरिसने तिला डोक्यावर घेतलं. म्हणजे त्याच शहराच्या कानांना रंगमंचावर जो उच्चार चालला, तो पडद्यावर चालला नाही.

तिसरी आपली सुलोचना. पुण्यात जन्मलेल्या रुबी मायर्स, बगदादी ज्यू घराण्यातल्या. मूकपटांच्या काळात त्या आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या तारका होत्या. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि त्यांना हिंदुस्तानी नीट येत नाही हे उघड झालं. त्यांनी वर्षभर काम थांबवलं, भाषा शिकल्या आणि परत आल्या. १९२८ च्या मूक ‘अनारकली’ची नायिका त्याच, आणि १९३५ च्या बोलक्या ‘अनारकली’तही त्याच. मोजूखिनसारखंच झालं बघा, एकच गोष्ट एकदा मुकी आणि एकदा बोलकी. पण इथे ती निभावली. त्यांना शिकायला वेळ मिळाला, उमेद होती, वय हाताशी होतं, आणि परत आल्यावर दार उघडं होतं. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

म्हणजे बघा मैत्रिणींनो, उच्चार वेगळा असणं हा दोष नाही. त्या आवाजाला साजेशी गोष्ट कुणी शोधली, ऐकणाऱ्यांनी थोडे कान मोकळे ठेवले, किंवा शिकायला सवड दिली, तर तोच आवाज चालतो, आवडतोसुद्धा. यातलं काहीच झालं नाही, तर जगभर गाजलेला माणूसही मुका होतो.

हे मी आपल्या रेडिओवर मुद्दाम सांगतेय. आपल्यापैकी कितीतरी जणी लग्न होऊन दुसऱ्या मुलखात गेल्या. अहिराणी बोलणारी पोर पुण्याला गेली, मालवणी बोलणारी मुंबईत गेली, वऱ्हाडी बोलणारी नाशिकला. स्वयंपाक, शेती, शिवण, बाळंतपण, सगळ्यात हुशार. हातांना कुणी नावं ठेवली नाहीत. पण तोंड उघडलं की कुणीतरी हसलं. मग तिने काय केलं? तिने बोलणंच कमी केलं. बचत गटाच्या बैठकीत ती मागे बसते. शाळेच्या पालक सभेत मान हलवते आणि परत येते. ग्रामसभेत तिच्या मनात मुद्दा असतो, पण तो मनातच राहतो. लोक म्हणतात, ती स्वभावानेच अबोल आहे. तसं नसतं. ती तिच्या माहेरी जाऊन बघा, अंगणात कशी खळखळून बोलते.

सुलोचनाबाईंसारखं नवी भाषा शिकणं चांगलंच. प्रमाण मराठी यावी, हिंदी यावी, इंग्रजीही यावी, त्याने दारं उघडतात. मुलींना जरूर शिकवा. पण शिकेपर्यंत त्या बाईचं काय? तिचा मुद्दा थांबवून ठेवायचा का? म्हणून आपल्या घरात, गटात, सभेत एवढं करता येईल. एखादी वेगळ्या वळणाने बोलली तर तिचा शब्द दुरुस्त करण्याआधी तिचा मुद्दा ऐकून घ्या. सुनेची नक्कल करून मुलांना हसवू नका. मुलं ती नक्कल विसरतात, सून विसरत नाही. आणि कुणाला बोलायला उभं करायचं असेल, तर गार्बोला दिली तशी तिच्या आवाजाला शोभेल अशी जागा द्या. जिला बियाण्यातलं कळतं, तिला बियाण्यावर बोलू द्या, तिच्याच बोलीत.

मोजूखिन १९३९ च्या जानेवारीत पॅरिसला लागून असलेल्या न्यई गावात क्षयाने गेला. हातात पैसा उरला नव्हता. त्याची समाधी आज पॅरिसच्या दक्षिणेला, सेंत-जेनेव्हिएव्ह-दे-ब्वाच्या रशियन दफनभूमीत आहे. आल्बात्रोसच्या चित्रपटांचा ठेवा पॅरिसच्या सिनेमाथेक फ्रांसेज या संस्थेने जपला, म्हणून ते मूकपट आज पुन्हा दाखवले जातात. लोक अजूनही त्या डोळ्यांकडे टक लावून बसतात. कधी मोबाइलवर ‘कासानोवा’ किंवा ‘कीन’ सापडला तर जरूर बघा. भाषा येत नाही म्हणून थांबू नका, तिथे तिची गरजच नाही.

आणि पुढच्या आठवड्यात आपल्या गटाची बैठक भरेल तेव्हा मागच्या रांगेत कोण गप्प बसलंय, तेवढं एकदा वळून बघा. तिला विचारा, ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ एवढ्या एका प्रश्नाने ती बोलू लागेल. मग जमलंच तर तिला आपल्या केंद्रावर घेऊन या. आपल्या मायक्रोफोनला सगळ्या बोली चालतात.